मागचे टायर रुंद केले, पण पावसाळा सोडून

गाडी मालवणात आणली तेव्हापासून भेटेल तो एकच सल्ला देतो, मागचे टायर रुंद कर. चुलतभाऊ तर खळ्यात गाडीच्या मागे उकिडवा बसला आणि म्हणाला, "दादा, मागचे टायर बारीक दिसतत रे, मागसून गाडी उपाशी वाटता." त्याचं अगदीच खोटं नव्हतं. पण रुंद टायर म्हटलं की आपल्याकडे निम्मं बोलणं दिसण्यावर चालतं आणि उरलेलं "ग्रिप वाढते" एवढ्यावर संपतं, कसली ग्रिप, कुठे, कोरड्यात की ओल्यात, पुढच्या टायरचं काय, हे कोणी विचारत नाही. मी ते विचारत बसलो, कारण एक तर टायर महाग, दुसरं म्हणजे हातात वेळ होता, आणि तिसरं म्हणजे ही गाडी जुनी, तिला काही झालं तर पार्ट मिळायला तीन शहरं पालथी घालावी लागतात.

गाडी म्हणजे २००१ ची मर्सिडीज एसएलके २३०, दोन सीटवाली, पत्र्याचं छप्पर दुमडून डिकीत जातं ती, कंपनीच्या कोडमध्ये आर१७० बॉडी. काही जणांना हिला स्पोर्ट्स कार म्हणायला जड जातं, त्यांच्या मते ही बायकांना घेऊन फिरायची गाडी, म्हणू देत. सुपरचार्जर आहे, ताकद मागच्या चाकांना जाते, वजन साडेतेराशे किलोच्या आसपास, मला एवढं पुरतं. कंपनीने हिला मुळातच पुढे-मागे वेगळे टायर दिलेत, पुढे २०५/५५ आर१६ आणि मागे २२५/५० आर१६. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं याच्यावरच आहे. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि आर१६ म्हणजे १६ इंची रिम.

मागचे टायर बदलायचेच होते. नक्षी भरपूर शिल्लक होती म्हणून आधीच्या मालकाने ठेवले असणार, पण रबर पार वाळलेलं, बाजूला बारीक भेगा, नखाने दाबलं तर दबत नव्हतं. कुठल्याही टायरच्या बाजूला डीओटी असं लिहून पुढे अक्षरं-आकडे असतात त्यातले शेवटचे चार बघायचे, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. २३१४ असेल तर २०१४ सालचा तेविसावा आठवडा. जुनी गाडी घेताना लोक इंजिन ऐकतात, बोनेट उघडून मान हलवतात, एसी लावून बघतात, आणि हे चार आकडे वाचत नाहीत, जे वाचायला पैसे पडत नाहीत. कमी चाललेल्या गाडीत तर हे जास्तच बघायला हवं, कारण टायर झिजायच्या आधी म्हातारा होतो, आणि आपल्याकडच्या उन्हात जरा लवकरच होतो.

तर नवीन घ्यायचेच आहेत तर मग २४५ का नको, हा प्रश्न आला.

आता गंमत बघा. टायरवर २२५ लिहिलं म्हणजे तो २२५ मिलिमीटर रुंद असतो असं आपण धरून चालतो. तो आकडा नावापुरता. खरी रुंदी रिमवर ठरते. २२५/५० आर१६ हा टायर ज्या रिमवर बसवून मोजतात ती सात इंचाची, त्यावर तो फुगवट्यापासून फुगवट्यापर्यंत २३३ मिलिमीटर भरतो, आणि रिम अर्धा इंच वाढली की टायर साधारण पाच मिलिमीटर पसरतो. माझी मागची रिम आठ इंचाची. म्हणजे २२५ चा टायर माझ्या गाडीवर २४३ च्या आसपास. खात्री करायला सुताराचे दोन गुणे (काटकोनी पट्ट्या) घेतले, टायरच्या दोन्ही बाजूंना टेकवले, मधलं अंतर टेपने घेतलं, २४० च्या वर भरलं. आणि २४५/४५ चा टायर आठच्या रिमवर किती? तोही २४३! रस्त्याला टेकणारा पट्टा थोडा रुंद होतो हे खरं, पण मागून बघणाऱ्याला काडीचा फरक दिसणार नाही. शिवाय २४५/४५ हे १६ इंचात आपल्याकडे शोधून सापडत नाही. भावाला हे सगळं समजावून सांगितलं, तो म्हणाला मग रिमच बदल ना. कधीकधी तो बरोबर बोलतो.

रिम बदलायची तर कुठली. इथे मी एक नियम केला की कंपनीने या गाडीवर स्वतः जे दिलंय त्याच्या बाहेर जायचं नाही. एक कारण कागदाचं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्हीचा अर्थ एवढाच की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी फारकत घेणारे बदल करायचे नाहीत. त्यात गाडीची पंधरा वर्षं कधीच उलटून गेलीत, आरसी दर पाच वर्षांनी रिन्यू करायला गाडी घेऊन आरटीओत उभं राहायचं, ग्रीन टॅक्स भरायचा, तिथे साहेबाला मडगार्डाबाहेर आलेले टायर दाखवून विषय कशाला वाढवा. दुसरं कारण म्हणजे जर्मनीत कोणीतरी पगार घेऊन हे गणित आधीच करून ठेवलंय. याच गाडीला कंपनीचा १७ इंची पर्याय होता, पुढे साडेसातची रिम आणि २२५/४५, मागे साडेआठची रिम आणि २४५/४० . याच गाडीच्या जास्त ताकदीच्या एएमजीवाल्या भावंडालाही, एसएलके ३२ ला, हेच माप दिलेलं.

आता दोन्ही मापं शेजारी ठेवून बघा. १६ इंचात पुढे २०५, मागे २२५. १७ इंचात पुढे २२५, मागे २४५. फरक दोन्हीकडे वीसच. मागचं वाढवलं तेवढंच पुढचंही वाढवलंय. आपल्याकडे लोक नेमकं हेच सोडतात, मागे दोन जाडजूड टायर घालतात आणि पुढे आहेत तेच ठेवतात, कारण पैसे निम्मे लागतात आणि फोटो मागूनच काढायचा असतो. मग होतं काय, मागची पकड वाढते, पुढची तेवढीच राहते, आणि वळणावर गाडी नाक बाहेर काढून सरळ जाऊ बघते. स्टिअरिंग फिरवलंय पण गाडी ऐकत नाही, हा अनुभव घाटात, डाव्या हाताला दरी असताना, कोणाला घ्यायचा असेल तर घ्यावा.

फक्त मागचे वाढवणं नेहमीच चूक असतं असं मात्र नाही. टोयोटाची एमआर२ आठवा, इंजिन पाठीमागे असलेली. तिच्या दुसऱ्या पिढीला सुरुवातीला पुढे १९५/६० आर१४ आणि मागे २०५/६० आर१४ होते, गाडी वळणात ऍक्सिलरेटर सोडला की शेपूट फेकायची, १९९३ मध्ये त्यांनी मागचं सस्पेन्शन बदललं आणि टायर केले पुढे १९५/५५ आर१५, मागे २२५/५० आर१५. पुढची रुंदी तीच, मागची वीसने जास्त. म्हणजे त्यांना गाडी मुद्दाम थोडी नाकाने बाहेर जाणारी करायची होती, कारण शेपूट फेकण्यापेक्षा ते परवडतं. पण ते ठरवून केलेलं, सस्पेन्शनसकट. माझ्या गाडीचं शेपूट जागेवर आहे, तिला त्या औषधाची गरज नाही.

डायमीटरचं गणित वहीत करून ठेवलंय, कोणालाही करता येतं, टायरच्या रुंदीचे टक्के काढायचे, दुप्पट करायची, रिमचे इंच मिलिमीटरमध्ये करून त्यात मिळवायचे. २२५/५० आर१६ चा व्यास ६३१.४ मिलिमीटर. २४५/४० आर१७ चा ६२७.८. म्हणजे अर्ध्या टक्क्याहून जरा जास्त कमी, स्पीडोमीटरला कळणारही नाही. पुढचा २२५/४५ आर१७ येतो ६३४.३. पुढच्या-मागच्यात एक टक्का फरक, आणि तो कंपनीनेच दिलाय म्हणून एबीएस आणि ईएसपीला (गाडी घसरायला लागली की सावरणाऱ्या यंत्रणेला) तो पचतो. या गाड्यांत प्रत्येक चाकाचा वेग सेन्सर वाचत असतो, मागचं चाक पुढच्यापेक्षा फार वेगळं फिरायला लागलं की कॉम्प्युटरला वाटतं चाक घसरतंय, मग तो सरळ रस्त्यावर दिवा लावतो नाहीतर इंजिनची ताकद कापतो. जो कोणी "थोडा मोठा टायर बसतो हो, काय होत नाही" असं म्हणेल त्याला आधी गाडीचं मॉडेल विचारा. जुन्या जीपला खरंच काही होत नाही.

रिम शोधायला मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर फिरलो. तिथे एका दुकानदाराने अगदी छातीठोकपणे सी-क्लासच्या १७ इंची रिम काढून दिल्या, साडेआठची मागची, बोल्टचं पाच बाय ११२ (११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट) तेच, मधलं भोक ६६.६ तेच, "बसेगा साब, हंड्रेड पर्सेंट". बसेल हो, बोल्टही लागतील. पण रिम उलटी करून, मोबाईलचा टॉर्च मारून, ब्रेकची काळी भुकटी बोटाने पुसली तर आतल्या बाजूला ओतीव अक्षरं दिसली, साडेआठ जे बाय १७ आणि पुढे ईटी ५८. माझ्या गाडीला मागे लागतं ईटी ३०. हा ऑफसेट म्हणजे रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणारा भाग किती बाहेर आहे त्याचं माप, आकडा मोठा असेल तेवढं चाक आत जातं. ५८ वजा ३०, अठ्ठावीस मिलिमीटर, म्हणजे चाक जवळपास तीन सेंटीमीटर आत ओढलं जाणार, सस्पेन्शनच्या दांड्यांच्या अंगावर. दुकानदाराचा यावर उपाय तयार होता, स्पेसर टाक. म्हणजे आधी चुकीची रिम घ्यायची, मग ती बाहेर ढकलायला ऍल्युमिनियमची चकती घ्यायची, मग चकतीमुळे लांब बोल्ट घ्यायचे. मी चहा पिऊन निघालो. पुढे ओळखीतून पुण्यातल्या एका अपघातात मोडीत निघालेल्या एसएलकेच्या चार मूळ रिम मिळाल्या, पुढच्या साडेसात ईटी ३७, मागच्या साडेआठ ईटी ३०, एक जरा वाकडी होती ती सरळ करून घेतली. गाडीचा पुढचा भाग चेपला होता म्हणून मागच्या दोन्ही रिम चांगल्या निघाल्या, कोणाचं काय आणि कोणाचं काय.

बोल्टचं एक सांगतो, कारण हे पंक्चरवाल्याला माहीत असेलच असं नाही. मर्सिडीजच्या मूळ रिमला बोल्टचं बूड गोलाकार असतं, बाजारातल्या बऱ्याच रिमला निमुळतं लागतं. दोन्ही बोल्ट दिसायला सारखे, आटेही एम१२ बाय १.५ चेच, हाताने लावले तर दोन्ही जातात. पण गोल खड्ड्यात निमुळतं बूड फक्त एका कडेवर टेकतं आणि मग ते सैल होत जातं. मूळ रिमला मूळ बोल्ट, ११० न्यूटन मीटर, टॉर्क रेंचने. आमच्या नाक्यावरच्या अण्णाने रेंचचा कट्ट आवाज ऐकला आणि म्हणाला एवढ्यातच टाइट झाला? त्याची सवय पान्यावर उभं राहून एक उडी मारायची. त्याला उडी मारू दिली नाही, तो जरा नाराज झाला.

आता खरा किस्सा, मडगार्डाचा.

कागदावर सगळं बसत होतं. आठची रिम साडेआठ झाली, ऑफसेट तोच, म्हणजे चाक आत साडेसहा मिलिमीटरच्या आत आणि बाहेर तेवढंच वाढलं. फॅक्टरीतून निघालेल्या गाडीला त्याचा काहीच त्रास नाही. पण माझी गाडी फॅक्टरीतून निघाली त्याला पाव शतक होत आलं, मधल्या काळात ती कोणाकोणाच्या हातात होती आणि कुठे कुठे ठोकलीय ते तिलाच ठाऊक. स्प्रिंगा थकल्यात, गाडी मागे थोडी बसलीय. म्हणून चाकं लावली आणि लगेच फिरायला न जाता खळ्यातच तपासून बघायचं ठरवलं.

पद्धत अशी, एक मागचं चाक वर चढवायचं आणि त्याच्या तिरक्या कोपऱ्यातलं पुढचं. म्हणजे उजवं मागचं आणि डावं पुढचं. त्या दोन चाकांची स्प्रिंग पूर्ण दबते, रस्त्यात खड्ड्यातून वर येताना दबेल तशी. चढवायला घराच्या मागे उरलेले जांभ्याचे चिरे होते, पण चिऱ्यावर थेट चाक घालायचं नाही, त्याची कड भुरभुरीत असते, वजन आलं की ढासळते, म्हणून त्यावर फणसाची जाड फळी. बाकीच्या चाकांना पुढून-मागून ओंडके, हँडब्रेक, आणि गाडीखाली कोणीही जायचं नाही, काही पडलं तरी. टायरच्या वरच्या खांद्याला पांढरा खडू जाडसर फासला. आणि दोन भाचे, दोघेही अंगाने भरलेले, त्यांना डिकीच्या काठावर बसवलं. काका पडवीत सुपारी कातरत बसलेले, ते सगळं बघून म्हणाले, "असत ते टायर काय वायट होते? कित्याक होये तुका ह्या?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

डावीकडे सगळं ठीक, बोटं सहज आत जात होती. उजवीकडे भाचे बसले आणि कुठूनतरी कर्र असा बारीक आवाज आला, भाऊ ओरडला "घासता, घासता, थांब!" गाडी खाली उतरवली. खडूचा पट्टा एका ठिकाणी बोटभर पुसला गेलेला, आणि मडगार्डाच्या आतल्या कडेवर पांढरी रेघ. हात घालून चाचपलं तर ती कड डावीकडच्यापेक्षा दुप्पट जाड. नखाने खरवडली तर रंगाची पापडी निघाली आणि खाली निघाली लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायचा लगदा. कोणीतरी कधीतरी उजवा मडगार्ड ठोकून सरळ केलाय, आतली कड नीट दुमडायच्या ऐवजी वरून लांबी भरून गुळगुळीत केलीय. लांबीच्या खाली पाणी शिरलेलं, आणि पाणी म्हणजे आमचं पाणी, खाऱ्या वाऱ्याचं. पत्रा तपकिरी पापुद्र्यांचा झालेला. म्हणजे रुंद टायर घातले नसते तर हा गंज मला दोन-तीन वर्षांनी बाहेरून रंग फुगल्यावर कळला असता.

कुडाळच्या डेंटरकडे गाडी दिली. तो माणूस हळू काम करतो पण लांबी कमीत कमी वापरतो, हे माझ्या दृष्टीने सर्टिफिकेट. सगळी लांबी काढली, सडलेला तुकडा कापून नवीन पत्रा जोडला, आतली कड हीट गनने रंग गरम करत करत वर दुमडली. रंग गरम न करता कड दुमडली की रंग तडकतो, आणि समुद्राजवळ तडकलेला रंग म्हणजे गंजाला दिलेलं आमंत्रण. दुमडलेल्या कडेच्या फटीत सीलंट, वरून प्रायमर, मग काळं अंडरकोटिंग. डावी कड काहीच खराब नव्हती, तरी तीसुद्धा उघडून बघितली, साफ केली, परत बंद केली. कोकणात किनाऱ्याला गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा मडगार्डाच्या आत पाण्याचा फवारा मारावा, गोड्या पाण्याचा, बोनेटवर मेण घासण्यापेक्षा ते कामाचं. परत चिरे, परत फणसाची फळी, परत भाचे. खडू शाबूत.

मग गाडी चालवायला काढली, मालवणहून कसाल, हायवेने कणकवली, फोंडाघाट चढून दाजीपूर-राधानगरीवरून कोल्हापूर. मार्चचा रस्ता, कोरडा, गरम. फरक जाणवतो का? जाणवतो. पण लोक सांगतात तसा नाही. टायर रुंद झाला की रस्त्याला टेकणारी जागा वाढते हा समज निघतच नाही. जागा ठरते चाकावरच्या वजनावर आणि आतल्या हवेवर. माझ्या मागच्या एका चाकावर साधारण ३४० किलो, हवा ३२ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सव्वादोन किलो. भागाकार केला की दीडशे चौरस सेंटीमीटर, तळहाताएवढा तुकडा. टायर २२५ असो की २४५, हा तुकडा जवळजवळ तेवढाच, फक्त त्याचा आकार बदलतो, लांबुळका होता तो आडवा होतो. आडवा झाला की वळणात बाजूचा जोर चांगला पेलतो, आणि टायरची भिंत ११२ मिलिमीटरवरून ९८ वर आल्यामुळे ती कमी लवते, वळणात शिरताना गाडी लगेच अंग टेकवते. घाटातल्या आकड्यासारख्या वळणातून बाहेर पडताना पाय जरा लवकर दाबता येतो, मागचं चाक कुरकुर करत नाही, ईएसपीचा पिवळा त्रिकोण पूर्वी जिथे लुकलुकायचा तिथे गप्प राहिला. स्टिअरिंग मात्र जरा जड झालं आणि रस्त्यातल्या चाकोऱ्यांच्या मागे जायला लागलं. या गाडीचं स्टिअरिंग तसंही जुन्या पद्धतीचं, रीसर्क्युलेटिंग बॉलवालं, धारदार कधीच नव्हतं. आणि खड्डा आता जास्त लागतो. भिंत दीड सेंटीमीटर कमी म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यातलं दीड सेंटीमीटर रबर कमी. हायवेच्या काँक्रीटवर राजासारखं वाटतं, आचऱ्याच्या आतल्या रस्त्याला लागलं की पाठ सांगते.

कोल्हापूरला अलाइनमेंट. पोरगा हुशार, मशीन नवीन, पण त्याने पुढची दोन चाकं सेट केली आणि प्रिंट काढून हातात दिली. मागचं? म्हणे मागचं होत नाही. त्याचाही दोष नाही म्हणा, त्याच्याकडे दिवसभर येतात त्या छोट्या गाड्यांना मागे एकच आडवा बीम असतो, तिथे खरंच काही फिरवायला नसतं. पण या गाडीला मागे पाच दांड्यांचं सस्पेन्शन आहे, मर्सिडीजने १९८२ मध्ये १९० मध्ये आणलेलं तेच, आणि त्यात मागचा टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकं किती आत-बाहेर वळलीत ते, ऍडजस्ट होतो. बोल्ट दाखवला, मग त्याने उत्साहाने केला. रुंद टायरला हे जास्तच लागतं, टो थोडा जरी चुकला तरी आतली कड महिन्या-दोन महिन्यांत कापली जाते आणि बाहेरून बघणाऱ्याला टायर नवा दिसत राहतो. माझे जुने २२५ सुद्धा आतून जास्त झिजलेले होते, त्याचं कारण तिथे कळलं.

आता पाऊस. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. आडव्या तुकड्याचा जो फायदा कोरड्यात सांगितला, तोच इथे उलटतो. लांब आणि अरुंद तुकडा पाणी चिरत जातो, पुढचा भाग पाणी बाजूला सारतो आणि मागच्या भागाला रस्ता मिळतो. आडव्या तुकड्याला एकदम जास्त पाणी ढकलायचं असतं आणि ढकलायला लांबी कमी असते. नासाच्या इंजिनिअरांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवरून एक साधं सूत्र काढलेलं, पीएसआयचं वर्गमूळ घ्या, नऊने गुणा, टायर पाण्यावर तरंगायला लागतो तो वेग नॉटमध्ये मिळतो. ३२ पीएसआयला ५१ नॉट, म्हणजे ताशी ९४ किलोमीटर. हे पाणी नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त साचलेलं असताना किंवा टायर गुळगुळीत झालेला असताना. त्यात रुंदीचा उल्लेख नाही, पण आकार बदलला की तो वेग खाली येतो हे नंतरच्या लोकांनी दाखवलं. काँक्रीटच्या हायवेवर उताराच्या तळाला पाणी साचतं तिथे ९४ हा काही फार मोठा वेग नाही.

आणि आपल्याकडे नुसतं पाणी नसतं. मृगाच्या पहिल्या सरींत घाटातली तांबडी माती रस्त्यावर येते, वळणावर गिलावा केल्यासारखी. त्यात मासळीच्या गाड्यांमधून ठिबकणारं बर्फाचं तेलकट पाणी, तेही नेमकं वळणावर सांडतं कारण गाडी तिथेच कलते. दुचाकीवाल्यांना हे चांगलं माहितीय, वळणावर पडलेले असतात बिचारे. अशा रस्त्यावर २४५ ने मला काय मिळणार? काहीच नाही.

म्हणून मी दोन सेट ठेवलेत. जुन्या १६ इंची रिमवर नवीन टायर चढवले, पुढे २०५/५५ आणि मागे २२५/५०, नक्षी खोल आणि पाण्याला मोठे चर असलेले. २०५/५५ आर१६ कुठेही मिळतो, अर्ध्या सेडान गाड्यांना तोच असतो, मागच्या २२५ साठी मात्र आधी सांगून ठेवावं लागतं. मे संपता संपता १६, नवरात्रात १७. दोन सेट म्हणजे दुप्पट खर्च असं वाटतं, पण टायर झिजतातही निम्मेच. अर्थात टायर म्हातारे व्हायचे थांबत नाहीत, म्हणून हे गणित माझ्या बायकोला पटलेलं नाही. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण पावसाळी सेट मी तीन मिलिमीटरला काढणार, १.६ वर आंबोलीत जुलैमध्ये जायची माझी छाती नाही.

राहिली स्टेपनी. पुढे-मागे वेगळी मापं म्हटल्यावर स्टेपनी कुठली ठेवणार, आणि छप्पर उघडलं की डिकीत जागा ती किती. स्ट्रिपवालं पंक्चर किट, बारा व्होल्टचा कंप्रेसर आणि एक चांगला टॉर्च, एवढ्यावर भागवतो. टायर एका दिशेने फिरणारे असल्यामुळे डावे-उजवे बदलायचे नाहीत आणि मापं वेगळी म्हणून पुढचे-मागचेही नाहीत. टायर घेताना लोड इंडेक्स बघा, १७ इंची मागच्यावर ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, माझ्या चाकावर ३४० येतात तेव्हा भरपूर झालं, स्पीड रेटिंग डब्ल्यू. दुकानदार स्वस्तात कमी रेटिंगचा द्यायला बघेल, घेऊ नका.

१७ चा सेट सध्या माळ्यावर आहे, आडवा रचून, वर जुनं पांघरूण, कारण ऊन आणि उंदीर दोन्हीपासून जपायचं. दरम्यान मागच्या दांड्यांचे बुश (सांध्यातल्या रबरी गाद्या) मागवलेत, डेंटरने गाडी वर घेतली तेव्हा दोन फाटलेले दिसले. ते बसले की कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभ्यातला कल, बदलेल, म्हणून परत अलाइनमेंट आणि परत ते भाचे. कोणी आर१७० ला बाजारातले पॉलियुरेथेन बुश टाकले असतील तर समुद्राजवळ ते किती टिकले आणि कुरकुरतात का ते कळवा, रबराचे महाग आहेत.